माझ्या पोटात दिवा लावू नका

मित्रांनो, मला म्हातारी म्हटलेलं चालतं, अडगळ म्हटलेलं चालत नाही. मी गिटार आहे. मुक्काम चौल, नारळी-पोफळीच्या वाडीत, कुमुदच्या घरी. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं गळ्यात अडकवून उड्या मारतात ती चपटी फळी म्हणजेच गिटार, असं तुम्हाला वाटत असेल तर आधी ते डोक्यातून काढा. माझी छाती फुगीर आहे, पोट पोकळ आहे, आणि छातीवर दोन्ही बाजूंना इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन लांबट भोकं आहेत. माझा आवाज तिथून बाहेर येतो. शाळेची पायरी मी कधी चढले नाही. जे शिकले ते कानाने शिकले, आणि माझा कान तुमच्या दहा पुस्तकांना भारी आहे.

माझा जन्म कुठल्याशा थंड मुलखातला. गावाचं नाव विचारू नका, जन्मलेल्या पोराला गावाचं नाव कोण सांगत बसतं? एवढं आठवतं की तिथली झाडं हळूहळू वाढायची आणि एक म्हातारा कारागीर माझी छाती पटाशीने कोरायचा, बोटाने टिचकी मारून कान लावायचा आणि पुन्हा कोरायचा. साच्यात दाबून केलेल्या गिटारी पुष्कळ असतात. मी कोरलेली आहे. हे मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही.

जहाजातून मी मुंबईला आले आणि दादाच्या हाती लागले. दादा म्हणजे कुमुदचा थोरला भाऊ. तो मुंबईच्या एका हॉटेलात जाझ वाजवायचा. जाझ म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांगते. एखादं गाणं घ्यायचं, एकदा नीट वाजवायचं, मग त्याचं बोट धरून हवं तिकडे भटकायचं, आणि शेवटी त्याला सुखरूप घरी आणून सोडायचं. दादा भटकायचा झकास. लोक नाचता नाचता थांबून आमच्याकडे बघायचे. रोज संध्याकाळी तो मला मऊ फडक्याने पुसायचा, आणि मी अशी चमकायचे की त्याला माझ्यात बघून भांग पाडता यावा.

पण माणूस तिखट. सुट्टीला चौलला आला की पडवीत वाजवत बसायचा. एकदा कुमुद, तेव्हा परकरातली पोर, रेडिओवरचं गाणं त्याच्या वाजवण्यावर गुणगुणायला लागली. दादा थांबला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "कुमुद, तू गप्प बस. तेल न घातलेला रहाट बरा." पाहुणे खो खो हसले. कुमुद आत गेली. त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही. गायची ती फक्त स्वयंपाकघरात, विळीच्या खवणीवर नारळ खवताना, तेही दार लोटून.

पुढे हॉटेलातला नाच बंद झाला, दादा मला घेऊन गावी परतला, बोटं वळेनाशी झाली, आणि एका वर्षी तो गेला. कुमुदने मला पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर ठेवली. तिथे मी किती वर्षं होते ते विचारू नका. समुद्राची खारी हवा पेटीच्या फटीतून आत यायची. तारा गंजल्या, तारा पिळायच्या चाव्या हिरव्या पडल्या. एका पालीने माझ्या पोटात संसार मांडला, अंडी घातली, पोरं मोठी केली आणि भाडं न देता निघून गेली. कुमुद दिवाळीला कपाट पुसायची, पण पेटीवरून फडकं फिरवताना तोंड दुसरीकडे करायची. मला कळायचं. माझ्याकडे बघितलं की तिला ते हसू ऐकू यायचं.

अशात एक दिवस हितेश आला. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर त्याचं हॉटेल आहे, तो वाडीतले नारळ न्यायला यायचा. त्याने पेटी पाहिली, उघडली, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"काकू, ही मला द्या. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगतो. तारा काढायच्या, आत पिवळा दिवा सोडायचा. या भोकांतून उजेड असा बाहेर येईल ना, लोक फोटो काढून वेडे होतील!"

"पोटात दिवा?" कुमुदने विचारलं.

"एकदम झकास दिसेल. मानाने राहील, काकू. इथे पडून काय होतंय तिचं?"

"ने," कुमुद म्हणाली. "आमच्या दादाला लोकांनी बघितलेलं आवडायचंच. हॉलचं रंगकाम उरकलं की घेऊन जा."

मित्रांनो, लोक बघतील हे ऐकून क्षणभर मलाही बरं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. पोटात दिवा गेला की आवाज कुठे राहणार? माझी शोभेची दिवटी होणार होती. आणि कुमुदचा शब्द म्हणजे शब्द. अख्ख्या आळीत कुणाला विचारा, तिने दिलेला शब्द कधी मागे घेतलेला नाही.

त्या शनिवारी तिची लेक आश्लेषा घरी आली. ती न्हावा शेवाला कंटेनरच्या ऑफिसात काम करते. शनिवारी कामावरून सुटली की करंजाहून लाँच पकडून रेवसला उतरते आणि घरी येते. कॉलेजात असताना ती रॉक बँडमध्ये गिटार वाजवायची, ती उड्या मारायची गिटार. पुढे बँड मोडला, सगळे नोकऱ्यांना लागले. वाटेतच दिव्याची गोष्ट ऐकून ती चप्पल न काढताच घरात शिरली.

"आई, तू मामाची गिटार भिंतीवर टांगायला दिलीस?"

"दिली. तू काय वाजवणार होतीस? तुझं ते धडाम धडाम?"

"वाजवीन की!"

"एवढी वर्षं कपाटावर होती, तेव्हा हात मोडले होते?"

"तू हात लावू देत नव्हतीस!"

ते खरं होतं, आणि कुमुदला ते ठाऊक होतं. पण माघार घेणं तिच्या रक्तात नाही. तिने हितेशला फोन लावला आणि दोघांसमोर निवाडा केला. रंगकाम उरकल्यावरच्या पहिल्या शनिवारी आश्लेषाने हॉटेलात जेवायला बसलेल्या लोकांसमोर वाजवायचं. लोकांनी कान दिला तर गिटार आश्लेषाची आणि दर शनिवारी तिनेच वाजवायचं. नाही दिला तर भिंत. हितेशने ते मान्य केलं आणि पलीकडून एक अट घातली, "पण काकू, मामांची ती जुनी जाझ नको. माझ्याकडे मुंबई-पुण्याची पोरं येतात. त्यांना माहीत असलेली गाणी हवीत, रॉक, पॉप. आणि आवाज बेताचा. लोकांना बोलता आलं पाहिजे."

म्हणजे गाणं दंग्याचं, आणि वाजवायचं कुजबुजल्यासारखं. मला हसू आलं. नंतर मात्र मी विचारात पडले. असं होऊ शकतं का? गाण्यातला दंगा काढला तर गाणं उरतं का? आणि उरलंच, तर ते नेमकं कुठे असतं?

आश्लेषाने आधी माझी डागडुजी केली. पालीचा संसार झाडून काढला, चाव्यांना तेल दिलं, गुळगुळीत पृष्ठभागाच्या तारा चढवल्या. त्यावर बोट सरकलं तरी कर्कर होत नाही. मग तारांचा आवाज टिपणारी पट्टी बसवून तिने मला मोठ्या स्पीकरला जोडलं आणि कॉलेजातलं एक लाडकं रॉक गाणं वाजवायला घेतलं. पहिल्याच फटक्याला मी किंचाळले. का, ते ऐका. माझं पोट पोकळ. स्पीकरमधून आलेला मोठा आवाज त्यात शिरला, त्याने तारा हलवल्या, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून आला, पुन्हा पोटात शिरला. शेजारचा कुत्रा उठून उलट ओरडायला लागला.

"बाई गं, हिला काय झालं?" कुमुद धावत आली.

"आई, तिला ओरडायची सवय नाही."

"मग घरात एक तरी तशी आहे म्हणायची."

तेव्हा आश्लेषाने आवाज कमी केला आणि स्वर थोडा गोल केला, तारेचा टणत्कार जाऊन नुसता गाभा उरेल इतका. माझ्या अंगाला ते मानवलं. पण आता गाणं चालेना. रॉक गिटारवर दोन सुरांचे ठोसे मारतात. मोठ्या आवाजात ते ठोसे डोंगराएवढे वाटतात, बेताच्या आवाजात कुणी दार ठोठावतंय असं वाटतं. मग तिने मोबाईलवर जाझ वाजवणाऱ्यांचे धडे बघितले आणि प्रत्येक कॉर्डमध्ये आणखी सूर कोंबले. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुडी. जिथे दोन सूर होते तिथे पाच केले, जिथे एक कॉर्ड होती तिथे तीन घातल्या. मला वाटलं, वा, दादाचे दिवस आले! फार श्रीमंत वाटत होतं. तिने अख्खं गाणं वाजवलं आणि घाम पुसला.

कुमुद दारात सुपारी सोलत बसली होती. म्हणाली, "छान. गाणं कधी सुरू होणार?"

"आई, संपलं."

"मग बरं झालं विचारलं."

पुढच्या शनिवारी तिने उलट केलं. सगळं काढून टाकलं, नुसते गुळगुळीत, गोड सूर ठेवले. कुमुदला बसल्या जागी डुलकी लागली. आश्लेषा माझ्यावर डोकं टेकून म्हणाली, "मामाला कसं जमायचं?" मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं की दादाने ही गाणी कधी हातातच घेतली नव्हती. त्याला ती हलकी वाटायची. आम्ही दोघीही नव्या वाटेवर होतो, आणि विचारायला कुणी नव्हतं.

मधेच एकदा हिरामण आला. तो पलीकडच्या आळीतला, बेंजो पार्टीचा मालक. आपल्याकडे हळदीला जो बेंजो वाजतो, तो वाजवतो. ऐकून म्हणाला, "आगो, हां तर आमचा गाणा हाय! हलदीला वाजतो ना आम्ही!"

"हिरामणकाका, हे इंग्रजी गाणं आहे."

"आसंल इंग्रजी. आमच्या ढोलकीवं बसतो म्हंजे आमचाच."

त्याने आपल्या बेंजोवर वाजवून दाखवलं. हळदीच्या धावत्या ठेक्यावर, वर चार-पाच हरकती मारून, इतकं जोरात की पोफळीवरचे कावळे उडाले. तरी गाणं ओळखू येत होतं! मी चक्रावले. याने ठेका बदलला, वेग बदलला, वाद्य बदललं, शब्द तर नव्हतेच, तरी गाणं जिथल्या तिथे. आश्लेषाने विचारलं, "काका, तुम्ही नेमकं काय ठेवता?" हिरामण म्हणाला, "माना काय माहीत? हात आपोआप जातो." आणि चहा पिऊन निघून गेला. त्याच्यासारखं हळदीचं धावतं वाजवून आमचं भागणार नव्हतं. पण प्रश्न मात्र त्याने डोक्यात सोडून दिला.

उत्तर सापडलं स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी दुपारी आश्लेषा पडवीत मला मांडीवर घेऊन हताश बसली होती. आत कुमुद नारळ खवत होती. दार लोटलेलं. आणि आतून गुणगुणणं आलं. तेच गाणं! इंग्रजीचं अक्षर येत नाही, म्हणून शब्दांच्या जागी 'ता रे ना, हो रे ना' असं काहीबाही. गेले कित्येक शनिवार ऐकून ऐकून तिच्या तोंडात बसलेलं. सगळं नाही, मधलाच एक तुकडा. एका सुरावर थांबायचं, वाट बघायला लावायची, मग उंच उडी घ्यायची आणि पायऱ्या उतरल्यासारखं खाली यायचं. एवढंच.

आश्लेषा श्वास रोखून ऐकत राहिली. मग तिने तेवढेच सूर माझ्या वरच्या तारांवर घेतले. जिथे आई थांबली तिथे तीही थांबली. खाली, आधाराला, फक्त दोन-दोन सूर. कॉर्डचा स्वभाव सांगणारे दोन ठेवले, आनंदी की उदास, थांबणारी की पुढे जाणारी. पायाचा मोठा सूर सोडूनच दिला. आणि गंमत बघा, पोरांनो, जो सूर वाजवलाच नव्हता तो कानाला असल्यासारखा वाटत होता! ठेकाही तिने आतूनच उचलला. खवणीवर नारळाची एक ओढ लांब, एक आखूड, लांब, आखूड. त्या चालीवर ते रॉक गाणं असं डुलायला लागलं की मला माझं वय विसरायला झालं.

आतलं खवणं थांबलं. "काय गो, कान लावून बसलीस?" दार धाडकन बंद झालं.

पण काम झालं होतं. पुढचे शनिवार-रविवार आम्ही तसंच केलं. आश्लेषा गाणं मोबाईलवर लावून ठेवायची, आपण वाडीत निघून जायची, आणि परत येऊन दाराबाहेर उभी राहायची. आईच्या तोंडात जेवढं उरलं तेवढं धरायचं, बाकीचं नवं रचायचं. मी मनात म्हणायचे, कुमुद, तूच मला भिंतीवर देतेस, आणि तूच मला उतरवायला शिडी लावतेस.

ठरलेला शनिवार आला. हॉलला नवा रंग, भिंतीत माझ्यासाठी खिळा ठोकलेला, शेजारी विजेची तार लोंबत होती. ती तार बघून माझं लाकूड थंड पडलं. त्यात हितेशने कोपऱ्यात हिरामणची बेंजो पार्टी आणून बसवली होती. "लोक कंटाळले तर असावी हाताशी," म्हणाला. हॉल भरलेला, सगळीकडे गलका. कुमुद पुढच्या टेबलाशी नवं लुगडं नेसून, सोलकढीचा पेला समोर घेऊन ताठ बसली होती.

आश्लेषाने मला मांडीवर घेतलं. पहिलंच गाणं ते रॉकचं. आणि भीतीने काय केलं? तिने पुन्हा कोंबायला सुरुवात केली. पाच-पाच सूर, दाटीवाटीच्या कॉर्ड. सूर इतके झाले की वरचा तुकडा त्यात बुडून गेला. लोक आणखी मोठ्याने बोलायला लागले. हितेशने कोपऱ्यात हात करून हिरामणला तयार राहायला सांगितलं. ढोलकीवाल्याने ढोलकी मांडीवर ओढली.

तेवढ्यात कुमुद ओरडली, "आश्लेषा! ते कुठे गेलं?"

सगळा हॉल वळून बघायला लागला.

आश्लेषा थबकली. "काय, आई?"

"ते गो! मधलं! वर जायचं ते!"

"कुठलं?"

"कुठलं काय? हे!" आणि कुमुद, जी परकरातली पोर असल्यापासून चारचौघांत गायली नव्हती, ती त्या भरल्या हॉलात गायली. ता रे ना, हो रे ना. एका सुरावर थांबली. उंच उडी मारली. सूर जरा वरच गेला, रहाट कुरकुरला. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या तारा ताठ झाल्या. मला वाटलं, आता ही उठून जाणार. कुमुदने मान वळवली, हसणाऱ्याकडे असं बघितलं की त्याच्या घशात घास अडकला, आणि पुढचा तुकडा आणखी मोठ्याने गायली.

आश्लेषाने सगळं सोडून दिलं. एक तार, आईचा सूर, खाली दोन सुरांचा हात. लांब, आखूड, लांब, आखूड. मी कुमुदच्या मागून गेले, मग शेजारून, मग थोडी पुढे. एका टेबलावरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हे तर तेच!" तिने खऱ्या शब्दांत धरलं. दुसऱ्या टेबलाने हळूच चमच्याने ताटलीवर ठेका धरला. ढोलकीवाला बोटांच्या टोकांनी थाप द्यायला लागला तर हिरामण त्याच्यावर खेकसला, "हलू रं! हां लगीन न्हाय!" दंगा न करता दंग्याचं गाणं अख्ख्या हॉलात पसरलं.

शेवटी हितेश कुमुदच्या टेबलाशी आला. चेहरा पडलेला. "काकू, लोकांनी कान दिला, मान्य. पण तो तुमच्यामुळे दिला. गिटारमुळे नाही. मग शब्द?"

कुमुदने सोलकढीचा शेवटचा घोट घेतला. "माझ्यामुळे ना? मग मला टांग भिंतीवर. पोटात दिवा घाल. बघ झेपतंय का."

हितेश हसत सुटला. त्या खिळ्यावर आता त्याने घड्याळ लावलं आहे.

तर मित्रांनो, आता माझं गाऱ्हाणं ऐका. घरात वाद्य असेल तर त्याला कपाटावर टाकू नका. वाजवून झालं की मऊ कोरड्या फडक्याने पुसा, खाऱ्या हवेत उघडं ठेवू नका, आणि वाजवता येत नसेल तरी वाजवा, आम्ही वाईट वाजवण्याने मरत नाही. नव्या गाण्याला हलकं म्हणू नका. जुन्या वाद्यावर ते घ्या, पण आधी घरात कोण काय गुणगुणतंय तिकडे कान द्या. आणि गुणगुणणाऱ्याला गप्प बसवू नका. त्याने काय होतं ते मी कपाटावरून बघितलं आहे.

कुमुद आता दर शनिवारी आमच्याबरोबर येते. गाते, लेकीला टोमणे मारते, मला पुसताना माझ्याशी भांडते. तिचा तो वरचा सूर अजूनही जरा जास्तच वर जातो. मी काही म्हणत नाही. त्याच्याखाली कुठली कॉर्ड बसेल, ते मी शोधते आहे.